अणदूरची मेथी आणि तिची अट

दुसऱ्यांदा मासे मेले तेव्हा मी टाकी भंगारात द्यायचं ठरवलं. पुण्यात गच्चीवर मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवायचा, म्हणजे अ‍ॅक्वापोनिक्सचा, माझा थाट भारी: रोपांच्या मुळांसाठी विकतचे भाजक्या मातीचे गोळे, महागडा पंप. पण दोन तास लाईट गेली की मासे उलटे. "अणदूरला माझी मंगलमावशी हेच बॅरलात करते. बघून ये, मग दे भंगारात," मैत्रीण म्हणाली.

पहाटेच्या गाडीने सोलापूर, तिथून उमरग्याची एसटी, वाटेत अणदूरला उतरायचं. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मी खुशीत. जाणार असाल तर सकाळीच पोचा, दुपारचं ऊन सोसवत नाही.

मावशींच्या अंगणात आडवे कापलेले निळे बॅरल. खाली चिलापी मासे, वर मेथी-पालक. मातीच्या गोळ्यांऐवजी जुन्या कौलांचे धुतलेले तुकडे! "माशांची घाण पाल्याला खत. पानी निवळून परत खाली," मावशी म्हणाल्या. "लई खर्च न्हाय. खाद्य आन् ही बारकी मोटर."

भाकरी आणि शेंगाची चटणी खात होतो, तेवढ्यात लाईट गेली. अर्ध्या तासात मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. मावशींनी शांतपणे ताट वाजवलं.

शेजारच्या चार घरांतून माणसं आली, हातात तांब्या घेऊन. टाकीतलं पाणी घ्यायचं, उंचावरून कौलांवर ओतायचं. मलाही तांब्या मिळाला.

"वरनं वता ताई, खळखळलं पायजे, तवा हवा मिळती," एक आजोबा म्हणाले.

"यात तुमचेही मासे आहेत?"

"न्हाय वो. आमी मेथी नेतो. मंगल पैसं घेत न्हाय. लाईट गेली की तांब्या घिऊन यायचं, येवढीच अट."

तासभर ओतलं, दंड भरून आले. मासे एकेक करत खाली गेले. माझ्या महागड्या पंपाला हे कधी जमलं नव्हतं.

घरी येऊन छोटी मोटर घेतली, विटांचे तुकडे भरले, नवे मासे आणले. अवघड काम शेवटी ठेवलं: ज्यांची नावंही मला माहीत नव्हती, अशा तीन शेजाऱ्यांच्या दारी पालकाची जुडी आणि अट घेऊन गेले. सगळे हसले.

परवा दुपारी लाईट गेली. मी एकटीच ओतत होते. जिन्यात चपला वाजल्या. दुसऱ्या मजल्यावरचे काका तांब्या घेऊन उभे होते.

"किती उंचावरून ओतायचं?"