महेंद्राच्या गावची दुसरी पाहुणी

उज्जैनच्या फलाटावर गाडी सुटायच्या बेतात असताना दादाने खिडकीतून लवंगी शेवेचा डबा आत सरकवला आणि माझ्याकडे बोट दाखवून वहिनीला म्हणाला, "हिचा काही भरोसा नाही. कुठे भाषण द्यायला उभी राहिली तर पदर धरून खाली बसव."

"बसवीन," वहिनी म्हणाली. "पण वन्सं बसल्या तर ना."

दादा स्वतः येऊ शकत नव्हता. प्रांतांच्या नव्या मांडणीत आमचे मध्यभारत राज्य थोड्याच दिवसांत नकाशावरून जायचे होते. त्याची कचेरी भोपाळला हलणार होती आणि तो फायलींचे गठ्ठे बांधण्यात बुडालेला होता. वहिनीचा भाऊ वसंतराव सिंहलद्वीपात, कँडीला, चहाच्या कंपनीत नोकरीला. सहा वर्षांत भावाबहिणीची भेट नव्हती. वहिनीला सोबत हवी, म्हणून मला धाडले. मला पहिला काटा टोचला तो इथेच. आशिया हा आमच्या घरात माझा विषय होता, आणि मी निघाले होते वहिनीची सोबतीण म्हणून.

हे सांगायला हवे, म्हणजे पुढचे समजेल. माझे वडील संस्थानी राजवटीविरुद्ध पत्रके लिहीत आणि छापीत. अक्षरओळख मला त्या पत्रकांच्या घड्या घालताना झाली. पोलिसांच्या भीतीने पत्रकाखाली नाव नसे. स्वातंत्र्यानंतर त्यांची वाक्ये मोठमोठ्या माणसांच्या भाषणांत ऐकू यायची, तेव्हा ते अडकित्त्याने सुपारी कातरत गप्प बसून राहायचे. मला ते सहन होत नसे. मीही पत्रकेच लिहू लागले, पण नावासकट. गेल्या वर्षी फ्रीगंजातल्या एका छापखान्यात माझी पुस्तिका निघाली, 'आशियातली पाहिलीच पाहिजेत अशी ठिकाणे'. अंगकोर, पगान, बोरोबुदूर, इस्फहान, समरकंद. गोऱ्यांनी आपल्यामध्ये रेघा ओढल्या, आता आपण एकमेकांची घरे पाहिली पाहिजेत, असा तिचा सूर. यांतले एकही ठिकाण मी पाहिलेले नाही, सगळे वाचनालयात बसून लिहिले आहे, हे मी प्रस्तावनेतच सांगून टाकले होते.

पहिले प्रकरण अनुराधपुराचे. अशोक उज्जयिनीला सुभेदार असताना त्याचा मुलगा महेंद्र आमच्या गावी जन्मला. तो धर्म सांगायला सिंहलद्वीपात गेला. त्याच्यामागून त्याची बहीण संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन गेली. ते झाड आजही तिथे उभे आहे. त्या झाडासमोर जाऊन "मी महेंद्राच्या गावची" एवढे एक वाक्य म्हणायचे, आणि ते आमच्या घरातून सर्वांत आधी मी म्हणायचे, असे माझे ठरलेले होते. आरशासमोर मी ते इंग्रजीतून म्हणूनही पाहिले होते.

वहिनीने पुस्तिका गहू निवडता निवडता वाचली. म्हणाली, "छान लिहिलंय, वन्सं. फक्त तिथे जेवायला काय मिळतं ते कुठेच नाही."

भोपाळला आम्ही मद्रासची गाडी पकडली. समोरच्या बाकावर एक तेलुगू कुटुंब होते. नवऱ्याशी मी भाषावार प्रांतरचनेविषयी बोलू लागले. त्याने दोनदा मान हलवली आणि तोंडावर पंचा ओढून झोपला. वहिनीला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. तरी बेझवाडा येईपर्यंत त्या बाईचे तान्हे वहिनीच्या मांडीवर होते आणि आमच्या डब्यात गोंगुऱ्याचे (अंबाडीचे) लोणचे आले होते. ते मी खाल्ले, पण मनापासून नाही.

वाटेत रामेश्वर. वहिनीने देवघरातला गंगेचा गडू आणला होता, तो तिथे फोडून अभिषेक केला. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, म्हणून मी बाहेरच्या लांबलचक ओवरीत खांब पाहत फिरले. तिथले पुजारी पिढ्यान् पिढ्यांचे मराठी. आम्ही ज्या उपाध्यांकडे उतरलो त्यांच्या घरची मराठी तमिळमध्ये बुडवून काढलेली होती. उपाध्यांच्या बायकोने, काकूंनी, दारातच "आधी साप्पाडु (जेवण), मग देव" असे बजावले. आमचे बोलणे ऐकून त्या हसायला लागल्या, कारण मी 'मला पता नाही' म्हणाले होते. वहिनी मूळची वाईची. ती म्हणाली, "उज्जैनची माणसं मराठी बोलत नाहीत, काकू. हिंदीला नऊवारी नेसवतात."

धनुष्कोडीला रूळ संपतात आणि धक्क्याला आगबोट लागलेली असते. दोन्ही बाजूंना समुद्र, मधे पांढरी वाळू. बोटीत बसण्याआधी प्रत्येकाला एक चिठ्ठी भरून द्यावी लागते. नाव, वय, कुठे जाणार. आणि राष्ट्रीयत्व. मी क्षणभर थांबले, आणि लिहिले, 'आशियाई'.

खिडकीमागचा तमिळ अधिकारी वयस्क होता, केस पिकलेले. त्याने चिठ्ठी वाचली, पासपोर्ट पाहिला, पुन्हा चिठ्ठी वाचली.

"इथे पासपोर्टात आहे तेच लिहायचं असतं, अम्मा."

मी त्याला सांगितले की जे सत्य आहे ते मी लिहिले आहे. पलीकडचा किनारा परका मानायला मी तयार नाही. तो म्हणाला, मानू नका, फक्त लिहा. मी म्हणाले, लिहिणे आणि मानणे यांत फरक करायला मला घरी शिकवलेले नाही. मागे रांग खोळंबली होती. बोटीचा भोंगा वाजला. वहिनीने खरोखरच माझा पदर ओढला.

"वन्सं, पलीकडे माझा भाऊ उभा आहे," ती म्हणाली.

"तू जा."

"जातेच. तुम्ही काकूंकडे परत जा, रामेश्वरची गाडी लागलेलीच आहे. राग उतरला की या."

ती गेली. पैलतीरी वसंतराव घ्यायला येणार होते आणि कँडीआधी अनुराधपुरात मुक्काम ठरलेला होता, त्यामुळे तिची काळजी नव्हती. मला वाटले होते की ती धक्क्यावरून एकदा तरी मागे पाहील. ती एका म्हाताऱ्या बाईची वळकटी चढवायला मदत करत होती.

रामेश्वरला परतले त्या संध्याकाळी मी तत्त्वासाठी त्याग केल्याच्या ताठ्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू चुलीपाशी बसून मोठ्याने विचार करू लागल्या. "आता तुझी वहिनी अनुराधपुरात पोचली असेल. अंघोळ झाली असेल. झाडाला जायला निघाली असेल." मी म्हटले, मला त्याचे काही नाही. दुपारी त्या म्हणाल्या, "आता झाड बघून झालं असेल." मी भात ढवळत बसले. माझ्या पहिल्या प्रकरणातली जागा, माझे झाड, आणि त्यासमोर उभी कोण, तर जिला पगान आणि पेगू यांतला फरक सांगता येणार नाही ती.

"मारुती उडी मारून गेला," काकू म्हणाल्या. "तुला सही करून जाता येईना?"

आणखी एक रात्र मी काढली. तोवर मी स्वतःशी पुष्कळ मुद्दे मांडले होते. पण खरे कारण एकच होते, वहिनी तिथे होती आणि मी नव्हते. धनुष्कोडीच्या खिडकीत मी 'भारतीय' असे स्वच्छ अक्षरात लिहिले. अधिकाऱ्याने ते वाचले आणि शिक्का मारताना म्हणाला, "आज आशिया येत नाही वाटतं." मी पासपोर्ट उचलून बोटीकडे वळले.

पैलतीरी, तलैमन्नारच्या धक्क्यावर पाऊल ठेवते तोच रेल्वेचा कारकून समोर आला. उज्जैनच्या लेखिका तुम्हीच ना, म्हणून त्याने विचारले, आणि माझ्या हातात अनुराधपुराचे तिकीट ठेवले. तुमच्या अण्णींनी (वहिनींनी) काढून ठेवले आहे, म्हणाला. मी येणार हे तिला कसे माहीत, असे मी विचारले.

"त्या म्हणाल्या, तिला दोन रात्रींच्या वर राग धरता येत नाही."

गाडीत मी खिडकीबाहेर पाहत राहिले. झाडी इतकी दाट की मधूनच एखादे तळे उघडे पडले तर डोळे दिपावेत. एका स्टेशनावर आप्प (तांदळाच्या पिठाचे वाटीसारखे धिरडे) आणि पोल सांबोल (ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी) घेतले. चव विलक्षण होती. जेवायला काय मिळते ते पुस्तिकेत नसल्याचे पहिल्यांदाच मला खटकले, आणि हे वहिनीने आधी म्हटले होते म्हणून जास्त खटकले.

अनुराधपुरात उतरल्यावर वसंतराव आणि वहिनी उतरले होते त्या विश्रामगृहात न जाता मी थेट झाडाकडे गेले. चौथऱ्याभोवती झाडलेली वाळू, शुभ्र कपड्यांतली माणसे, पणत्यांच्या तेलाचा आणि कमळांचा एकत्र वास. झाड मी कल्पिले होते त्याहून बारीक होते. जुन्या फांद्यांना आधाराचे खांब लावलेले होते. कोणी मोठ्याने बोलत नव्हते. मला गलबलून आले, हे खरे. एक मध्यमवयीन भिक्खू पणत्यांपाशी उभे होते. मी हात जोडले आणि इतकी वर्षे जपलेले वाक्य इंग्रजीतून उच्चारले. मी महेंद्राच्या गावची.

त्यांचा चेहरा उजळला. "आणखी एक?"

मी जोडलेले हात खाली घेतले.

"काल एक आल्या होत्या, त्यांचा भाऊ त्यांचं बोलणं इंग्रजीत करून सांगत होता. म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्या तुम्ही. त्यांनी तुमच्या पुस्तकातलं बरंच सांगितलं. तुमच्या गावाबाहेर महेंद्राच्या आईचा म्हणून एक स्तूप आहे म्हणे, मातीने झाकलेला."

"वैश्य टेकरी," मी घाईने म्हणाले. ते माझ्या पुस्तिकेत होते, पान सहा. मी तिथला इतिहास सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतले.

"हे त्यांनी सांगितलं," ते म्हणाले. "उतारावर सीताफळीची झुडपं आहेत, गुरं चरतात, आणि कार्तिकात तुम्ही बायका तिकडे आवळीखाली जेवायला जाता, हेही सांगितलं. माथ्यावरून तुमची नदी दिसते का हो? ते विचारायचं राहिलं."

मला माहीत नव्हते. आवळी भोजनाला घरच्या साऱ्या जणी दरवर्षी तिकडे जातात. मला त्या दिवशी नेमकी प्रुफे तपासायची असतात. समरकंदच्या घुमटांचा रंग मी सांगू शकले असते. घरापासून टांग्याच्या अंतरावरच्या टेकरीवर मी कधी चढले नव्हते.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात वहिनी वसंतरावांच्या शर्टाला बटण लावत बसली होती. तिने वर पाहिले. "आलात? हातपाय धुऊन घ्या, भात गरम आहे." मग सुई काढता काढता म्हणाली, "मिहिंतलेला मी गेले नाही अजून. महेंद्राचा डोंगर तुमच्यासाठी ठेवलाय."

तिने मला पहिलेपणा असा वाटीत वाढून द्यावा, याचाही मला राग आला. पण नाकारण्याएवढे तत्त्व आता माझ्यापाशी उरले नव्हते.

दुसऱ्या सकाळी मिहिंतलेच्या पायऱ्या मी जवळजवळ पळत चढले. दोन्ही बाजूंना जुनी चाफ्याची झाडे, पायऱ्यांवर पडलेली फुले, माकडे. माथ्यावर पोचले तेव्हा छातीत कळ येत होती. खाली क्षितिजापर्यंत रान, त्यात पांढरे दागोबे (स्तूप) आणि तळ्यांचे तुकडे. इथे महेंद्र पहिल्यांदा उभा राहिला, आणि आमच्या घरातून इथे पहिली मी. मी आजूबाजूला पाहिले. सांगायला कोणी नव्हते. बऱ्याच वेळाने वहिनी वर आली ती चार सिंहली बायकांच्या घोळक्यात. सगळ्या दादाची लवंगी शेव खात होत्या, तिखटाने सूं सूं करत होत्या आणि हसत होत्या.

पुढे कँडीला बुद्धाचा दात जपलेले दंतमंदिर पाहिले, वसंतरावांच्या कंपनीचे चहाचे मळे पाहिले. सगळीकडे मी टिपणे काढली. सगळीकडे वहिनीची कोणीतरी ओळख निघाली.

परतीच्या बोटीत समुद्र शांत होता. वहिनी शेवेच्या रिकाम्या डब्याला फडके बांधत होती. एकाएकी तिने विचारले, "वन्सं, महेंद्र आधी आला, नाही का? बहीण मागाहून?"

"हो."

"मग झाड कोणी आणलं?"

"बहिणीने."

"तेच म्हणते मी. आधी आला त्याने बोलणं आणलं, मागून आली तिने झाड आणलं. लोक दिवे कशापुढे लावतात, पाहिलंत ना?" आणि तिने गाठ मारली.

तिने ते माझी समजूत घालण्यासाठी म्हटले होते, हे मला कळले. साऱ्या प्रवासात मी टिपून ठेवलेल्या कुठल्याही ओळीपेक्षा ती ओळ चांगली होती, हेही कळले. मला पाण्यात उडी टाकावीशी वाटली.

उज्जैनला उतरलो तेव्हा आमचे राज्य गेलेले होते. देवास गेटपाशी एका कचेरीवरची पाटी उतरवून भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि नवी अजून रंगायची होती. घरी मावंदे घातले. वहिनी रामेश्वरला जाऊन आली होती, त्यामुळे ते घालणे भाग होते. गल्लीतल्या बायका जेवून पान खात बसल्या आणि म्हणाल्या, सांगा काय काय पाहिलं. त्या वहिनीकडे पाहून म्हणाल्या. वहिनीने सांगितले. आप्पाची कृती, दंतमंदिरातले ढोल, धनुष्कोडीची खिडकी. माझ्या भांडणाची गोष्ट तिने अशी रंगवली की आमच्या शेजारच्या जीजींना ठसका लागला आणि मला मी जरा थोर वाटू लागले. बोटीवरचे ते वाक्य मात्र तिने सांगितले नाही. माझ्याकडे वळून तिने विचारले, "काही राहिलं का हो, वन्सं?"

"नाही," मी म्हणाले.

ती विसरली होती. तिच्या लेखी ते डबा बांधताना बोललेले काहीतरी होते. ते आता फक्त माझ्यापाशी होते. या लेखाच्या शेवटी ते माझे म्हणून घातले असते तर वाचकांनी माझी पाठ थोपटली असती, आणि जाब विचारायला कोणी आले नसते. हा लेख लिहिताना दोन दिवस मी त्या वाक्याभोवती घिरट्या घालते आहे. ओसरीवरून वडिलांच्या अडकित्त्याचा आवाज येतो आहे.

तेव्हा लिहून टाकते. आधी आला त्याने बोलणे आणले, मागून आली तिने झाड आणले. हे माझी वहिनी, सुमती, बोटीवर म्हणाली. मी शेजारीच बसले होते, आणि मला ते सुचले नाही.