बुटात भिजवलेले हरभरे

आमच्या घरात चामड्याची वस्तू कोरडी पडलेली मायला खपत नसे. मोट, बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे, आमच्या सगळ्यांच्या वहाणा, या सगळ्यांना ती लेकरांसारखं न्हाऊमाखू घाली. नवी वहाण आली की आधी पाण्यात, मग करंजाच्या तेलात आणि त्यानंतर पायात. तेल अर्धवट ओल्या चामड्यावर चोळायचं, अगदी कोरड्यावर नाही, हा तिचा नियम. पावसाळ्याआधी घोंगड्यांनाही ती चिंचोक्याची खळ द्यायची. खळ दिलेल्या घोंगडीवरून पाणी नुसतं ओघळून जाई. हट्टा गावचे पाहुणे चेष्टा करत, की तुमच्या घरच्या भाकरीलाही करंजाचा वास येतो. माय म्हणायची, "मग दोनच खाता का? चार खाता की."

वडील लवकर गेले होते. थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, जर्मनाशी लढाई चालू होती त्या काळात फौजेत भरती झाला आणि लढाई संपल्यावर परत आला. बर्फानं त्याच्या डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली होती. त्याला त्याचं फारसं काही वाटत नसावं. नखं कापायचं काम कमी झालं, असं तो लोकांना सांगे. पण अडचण आम्हाला लवकरच कळली. आपल्याकडची वहाण अंगठ्यावर पायात राहते. ज्याला अंगठाच नाही त्याच्या पायातून ती दर पावलाला निसटते. अनवाणी चालावं तर बऱ्या झालेल्या जखमेवरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. ढेकूळ लागलं तरी फाटे. म्हणून फौजेतून आणलेले बूट हाच त्याचा आधार होता. डाव्या बुटाच्या टोकाला चिंध्या कोंबून तो वावरात जाई, नांगर धरी. माझ्याहून त्याचं नांगराचं तास सरळ येई आणि ते तो मला ऐकवल्याशिवाय राहत नसे.

डावा बूट मात्र त्याला वर, जखमेच्या वळावर, चावायचा. तो बोलला नाही, पण मायनं त्याला लंगडताना पाहिलं. "काहून मुकाट सोसून राहिला?" म्हणाली. पेरणी तोंडावर होती आणि तिला दुसऱ्या दिवशी शिरड शहापूरला भावाकडे लग्नाला जायचं होतं. तिनं संध्याकाळी दोन्ही बुटांत काठोकाठ कोरडे हरभरे भरले, वरून पाणी ओतलं, नाड्या आवळून बांधल्या आणि दोन्ही बूट गोठ्यात पाण्याच्या घमेल्यात ठेवले. हरभरे हळूहळू फुगतील, चामडं आतून सैल होईल, मग ओलं आहे तोवर तेल द्यायचं, म्हणजे बूट मऊही होतील आणि चिखलाचं पाणीही धरणार नाहीत. विचार चांगला होता. तिनं आयुष्यभर हाताळलेल्या चामड्याला तो मानवलाही असता.

पहाटे ती गाडीत बसून गेली. बूट बघायला तिला वेळ झाला नाही. गाडीतूनच मला म्हणाली, तेल हात राखून लावू नको.

उजाडल्यावर दादा आणि मी गोठ्यात गेलो. दोन्ही बुटांचे तळ पुढून उघडले होते आणि त्यांतून टपोरे हरभरे बाहेर आले होते. दादा खाली बसला. एक हरभरा उचलून त्यानं पाहिला आणि हसायला लागला.

"जर्मनाला जमलं न्हाई गड्या, ते मायनं हरभऱ्यानं केलं."

मीही हसलो. मग त्यानं सांडलेले हरभरे वेचून घमेल्यात टाकले. उठताना म्हणाला, "मायला सांगू नको. कळलं तर ती पुन्हा तेलाला हात लावायची न्हाई."

गावातल्या चांभारानं खटपट केली. फौजेच्या बुटाचा तळ थर चिकटवून केलेला, तो पाण्यानं आतून फुगून सुटला होता, टाका धरायला जागाच नव्हती. त्यानं कसेबसे शिवून दिलेले बूट घालून दादा ओल्या वावरात उतरला. चार पावलांत तळ काळ्या चिखलात राहिला आणि पाय वर आला. तसा बूट तेव्हा हिंगोलीच्या बाजारात मिळत नव्हता. मग तो अनवाणी गेला. पाय फाटला, पिकला. मी गोठ्यात कडुलिंबाच्या पाण्यानं तो धुऊन देत असे, मायच्या चोरून.

माय लग्नाहून आली तेव्हा त्यानं सांगितलं, की बूट लोण्यावानी झाले, जपून पेटीत ठेवलेत. आणि वावरात का येत नाहीस असं तिनं विचारलं, तर म्हणाला, फौजेत लई चिखल तुडवला, आता जीव कंटाळला. मायला ते लागलं. भावकीनं त्याला साहेब म्हणायला सुरुवात केली. पावसाळा सरल्यावर त्यानं हिंगोलीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये पहारेकऱ्याची नोकरी धरली. तिथं पायाखाली फरशी होती.

निजामाचं राज्य गेलं त्या साली वाटणी झाली. देवळात चार वडीलधारी मंडळी बसली होती, माय खांबाला टेकून. दादा म्हणाला, मला चिखल नको, वावर धाकट्याला राहू द्या. चुलते हसून म्हणाले, "व्हय, पगाराची भाकर गोड लागून राहिली आता साहेबाला." सगळे हसले. दादानं एकदाच माझ्याकडे पाहिलं.

मी बोललो नाही. दिलेला शब्द पाळला, असं मी नंतर स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मायला वाईट वाटलं असतं, पण तिनं ते सोसलं असतं. आणि तसे बूट तोवर बाजारात येऊ लागले होते. मी त्या वेळी विहिरीकडच्या ओलिताच्या वावराचा विचार करत होतो.

त्या दिवशी तो निघाला तेव्हा माय दारातून म्हणाली, "दिवाळीला बूट घेऊन ये, तेल देते." तो व्हय म्हणाला. ती असेपर्यंत दरवर्षी तो येताना विसरत राहिला आणि ती त्याला विसराळू म्हणत राहिली.

माय गेली, दादाही गेला. आमच्या घरात आजही बोलतात, की थोरल्याला शेतीचा कंटाळा होता. त्याला कंटाळा नव्हता. हिंगोलीहून आला की घरात पाय ठेवायच्या आधी तो मला विचारायचा, विहिरीकडच्या वावराला वापसा आला का, पेरणीजोगी ओल आहे का. मी सांगायचो आणि तो दारातच उभा राहून ऐकायचा.

त्या वावराचा अर्धा भाग त्याच्या मुलांना द्यायचा, हे मी माझ्या मुलांना सांगितलं आहे. त्यांनी कारण विचारलं. ते तोंडानं सांगणं मला जमलं नाही, म्हणून इथं लिहिलं.