तलावाचं पान

पेनाचं टोपण काढायचं, ते पेनाच्या मागे नीट बसवायचं, वही मांडीवर घ्यायची आणि पहिला शब्द लिहिण्याआधी समोरच्याकडे बघून विचारायचं, "कोन सांगते?"

बाईंचा हा प्रश्न आमच्या गावात इतका मुरला होता की पारावर कुणी लंब्याचौड्या बाता मारू लागला की दुसरा लगेच म्हणायचा, "थांब, बाईले बोलावतो." तुम्ही त्यांना सांगा की मारुतीचं देऊळ पाचशे वर्षांचं आहे. त्या वाद घालणार नाहीत, हसणारही नाहीत. हे कोण सांगतं, त्याचं वय काय, घर कोणतं, एवढं विचारतील आणि सगळं लिहून झालं की खाली सही घेतील. सही येत नसेल तर अंगठा. शाईचं पॅड त्यांच्या पिशवीतच असायचं. अंगठ्याच्या भीतीनं देवळाची दोन-अडीचशे वर्षं जागच्या जागी कमी झालेली मी पाहिली आहेत.

बाई अंगणवाडी सेविका होत्या. तीस वर्षं त्यांनी आमच्या गावातली पोरं वजनकाट्याला टांगली. गाव वाशीमकडे, रिठदच्या अंगाला, फार मोठं नाही, त्यामुळे चाळिशीच्या आतला जवळजवळ प्रत्येक माणूस त्यांच्या काट्यावरून गेलेला. ग्रामसभेत सरपंच आवाज चढवू लागला की त्या शेजारणीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणत, "दोन किलो शंभर ग्राम व्हता. मी जास्तीचा खाऊ देऊन देऊन वाढवला याले." सरपंचाच्या कानावर ते जाई आणि तो खाली बसे.

त्या निवृत्त झाल्या त्याच सुमारास गावात इतिहास समिती निघाली. जुन्या चावडीत गावच्या वस्तू मांडायच्या, म्हाताऱ्या माणसांकडून माहिती घ्यायची आणि गावाच्या वारशाचं एक पुस्तक काढायचं, असं ठरलं. अध्यक्ष झाले गावचे माजी सरपंच, मोठी शेती असलेलं घर. मी शाळामास्तर, म्हणून सचिव. यादी झाल्यावर लक्षात आलं की तीत एकही स्त्री नाही आणि भीमनगरातलंही कुणी नाही. अध्यक्ष म्हणाले, "अंगनवाडीच्या बाईले घ्या ना. दोन्ही कामं होऊन जातात." आम्ही सगळे हसलो. मीही हसलो होतो, हे आज लिहून ठेवतो.

पहिल्याच बैठकीत एका सदस्यानं फडक्यात गुंडाळून तलवार आणली. शिवकालीन, म्हणाला. चावडीत सगळे गोळा झाले. कुणी कपाळाला लावली, कुणी फोटो काढले. बाईंनी ती हातात घेतली, उलटी केली, मूठ नखानं खरवडली.

"कोन सांगते शिवकालीन?"

"आमचे बुढे सांगे."

"ही शाळेच्या गॅदरिंगची हाय गा. मीच चंदेरी रंग देला व्हता. हे पाय, खाली पत्रा."

तलवार परत फडक्यात गेली. तुम्ही अशा समित्या पाहिल्या असतील. पहिल्या महिन्यात पंधरा जण येतात, तिसऱ्या महिन्यात चार. आमच्याकडे शेवटी काम करणारं एकच माणूस उरलं. आम्ही व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकमेकांना शाबासकी देत होतो आणि बाई उन्हातान्हात घरोघर फिरत होत्या. जात्यावरच्या ओव्या, बंद पडलेल्या विहिरींची नावं, कोणत्या शेताला काय म्हणत, कोणत्या वाटेनं कुणाला जाऊ देत नसत. अठरा वह्या झाल्या. प्रत्येक गोष्टीखाली नाव, वय, सही नाहीतर अंगठा.

बाराव्या वहीत तलाव निघाला.

गावाबाहेरचा तलाव मोठ्या दुष्काळात सरकारी कामावर खोदला गेला, एवढं सगळ्यांना माहीत होतं. भिंतीवर एक दगड आहे. त्यावर अध्यक्षांच्या वडिलांचं नाव आहे, कारण त्या कामावर ते मुकादम होते. बाई स्वतः तेव्हा चार-पाच वर्षांच्या. "त्या कामावरची सुकडी खाल्ली मी," त्या सांगत. "अजून चव हाय तोंडात." त्यांची आई तिथं माती वाहायची. आईनंच कधीतरी त्यांना सांगितलं होतं की मुरूम खालून कोरता कोरता वरची दरड कोसळली आणि तीन बाया तिच्याखाली गेल्या. दुसऱ्या दिवशी काम पुन्हा सुरू झालं.

आईनं सांगितलं म्हणून बाईंनी लिहून घेतलं नाही. त्या कामावर गेलेल्या जिवंत बायका त्यांनी हुडकल्या. सात सापडल्या. सगळ्यांत महत्त्वाच्या भीमनगरातल्या कवसामावशी, कारण दबलेल्या तिघींपैकी सखू ही त्यांची थोरली बहीण. सातही जणींनी वेगवेगळं बसून तीच तीन नावं सांगितली. देवकाबाई, सखूबाई, गिरजाबाई.

त्यानंतर बाई माझ्या घरी आल्या. दुपारची वेळ होती. पाणी प्यायल्या आणि वही न उघडताच बसून राहिल्या. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"सर, तुमच्या लहान काकूले काय झालं व्हतं?"

"ताप. मी लहान होतो. माहेरी गेली आणि तिकडेच तापानं गेली."

"कोन सांगते?"

"आजी सांगायची."

"आजी घरात व्हती, सर. तलावावर नोयती."

माझ्या काकूचं नाव गिरजा. आमचं घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन बरं म्हणवणारं. त्या साली घरात दाणा नव्हता, पण आमच्या घरची सून भीमनगरातल्या बायांसोबत रोजानं माती उचलते, हे कुणाला कळून चालणार नव्हतं. ती पदरानं तोंड बांधून, शेताच्या आडवाटेनं कामावर जायची. कामावरच्या बायांनी तिला ओळखलं होतं आणि कुणीही कधी तसं दाखवलं नव्हतं. तिला घरी आणलं नाही. परस्पर माहेरच्या गावाला नेऊन जाळलं. आणि आमच्या घरात ती पन्नास वर्षं तापानं मरत राहिली.

बाईंनी सगळं सावकाश सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमच्या घरचं नाव हाय. तुमी नको म्हना, मी नाही टाकत. बाकी दोन टाकतो."

मी म्हणालो, "तिन्ही टाका."

त्या क्षणी मी ते मनापासून म्हणालो होतो. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मले वाटलंच व्हतं, सर," त्या म्हणाल्या, आणि वाटेत कवसामावशीला सांगते म्हणून लगबगीनं उठल्या.

पुस्तकाची प्रत तयार झाली. अध्यक्षांनी ती घरी मागवून घेतली आणि दोन दिवसांनी मला बोलावलं. तलावाचं पान त्यांनी वेगळं काढून ठेवलं होतं. आवाज चढवला नाही, चहा दिला.

"सर, हे वारशाचं पुस्तक हाय का मयताचं रजिस्टर?"

मी म्हणालो, सात जणींची साक्ष आहे.

"असन. पन दगडावर माह्या बापाचं नाव हाय अन् खाली तीन बाया मेल्याचं छापता. लोक काय समजतीन? बापानं मारल्या?" मग ते म्हणाले, "अन् तिसरं नाव तं तुमच्याच घरचं हाय. तुमच्या पुतनीचं जमून राह्यलं ना वाशीमले? पाव्हन्यायच्या हातात हेच पुस्तक देसान?"

चारच ओळी होत्या. लाल पेन माझ्याच खिशात होतं, मास्तरकीची सवय. अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं काहीही खोडलं नाही. ते मी खोडलं.

पुस्तक वाशीमला छापायला गेलं. मधल्या दिवसांत बाई दोनदा भेटल्या. "सर, तलावाचं पान लागलं ना?"

"लागलं," मी म्हणालो. खोटं नव्हतं. पान होतं.

प्रकाशन शाळेच्या मैदानात झालं. मांडव, सतरंज्या, पाहुण्यांना फेटे. बाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या आणि शेजारी कवसामावशींना घेऊन आल्या होत्या. मावशींनी नवं लुगडं नेसलं होतं. त्यांच्या बहिणीचं नाव पुस्तकात आलं आहे, असं बाईंनी त्यांना सांगितलं होतं. पन्नास वर्षांत त्या बहिणीचं नाव कुणी कुठं लिहिलं नव्हतं.

प्रती वाटायचं काम माझ्याकडे होतं. बाईंच्या हातात पुस्तक मीच दिलं. पुढे सरकायला हवं होतं, पण मी तिथंच थांबलो. त्यांनी पानं उलटली, तलावाचं पान काढलं. वरून खाली एकदा वाचलं. परत वरून वाचलं. तलावाची लांबी, रुंदी, भिंतीची उंची, भिजणारी जमीन, मुकादमांचं नाव.

मावशी त्यांच्या दंडाला धरून विचारत होत्या, "आलं का वं बाई, आमच्या सखूचं नाव?"

बाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग पुस्तक मावशींच्या मांडीवर ठेवलं, भिंतीच्या उंचीवर बोट ठेवलं आणि वाचू लागल्या.

"या तलावाच्या कामावर दरड अंगावर येऊन तीन बाया गेल्या. देवकाबाई, वय तीस, मागं दोन लेकरं. सखूबाई, वय वीस. हसरी होती, गाणं म्हणत टोपली उचलायची, असं तिची बहीण सांगते."

"मीच सांगतलं ते," मावशी म्हणाल्या. "अंगठा देला व्हता मी."

"हो. अंगठा बी छापला हाय," बाई म्हणाल्या. बोट पुढच्या ओळीवर गेलं, जिथं भिजणाऱ्या जमिनीचा आकडा होता. "गिरजाबाई, वय बावीस. शेतकऱ्याची सून. तिचं नाव तिच्या घरच्यांच्या संमतीनं इथं दिलं आहे."

साऱ्या आयुष्यात बाईंनी पुराव्याशिवाय एक ओळ लिहिली नव्हती. त्या दिवशी त्यांनी छापील पुस्तकावर बोट फिरवत, न छापलेल्या चार ओळी धडधडीत वाचून दाखवल्या, आणि त्या मैदानात तेवढंच खरं बोललं गेलं. व्यासपीठावर अध्यक्ष गावाच्या उज्ज्वल परंपरेवर बोलत होते.

मावशींनी पानाचा कोपरा दुमडून घेतला.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलत असताना बाई माझ्यापाशी आल्या. मी तोंड उघडणार तोच म्हणाल्या, "राहू द्या, सर. तुमी मास्तर हा. पोराच्या वहीतलं बरोबर उत्तर खोडलं तुमी. चुकलेलं खोडतात, मले येवढंच माहीत व्हतं."

त्या समितीत परत आल्या नाहीत. वह्या आधीच त्यांच्या घरी होत्या, त्या तिथंच राहिल्या. रस्त्यात भेटलं की "जय भीम, सर" म्हणून पुढे जात. राग दाखवला असता तर बरं झालं असतं. पुतणीचं वाशीमचं स्थळ काही जमलं नाही. त्याचं कारण भलतंच होतं, तलावाशी त्याचा काही संबंध नव्हता. आणि भीमनगरात मात्र दर आठ-पंधरा दिवसांनी बाई कवसामावशींकडे जाऊन ते पान वाचून दाखवत, असं कळत होतं. मावशींची स्मरणशक्ती जात चालली होती. ऐकलेलं विसरत आणि पुन्हा पुस्तक पुढे करत.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. छातीत दुखलं म्हणून अकोल्याला नेत होते, वाटेतच संपल्या. समितीनं शोकसभा घेतली. अध्यक्ष गहिवरले. बाई समितीचा कणा होत्या, असं म्हणाले, आणि त्यांचा फोटो चावडीत लावायचा ठराव झाला. त्याच ठरावात आणखी एक ओळ होती: बाईंच्या वह्या समितीनं ताब्यात घ्याव्यात. आणायला सचिवांनी जावं.

मी गेलो. बाईंच्या मुलीनं बसायला दिलं, चहा दिला. वह्यांचं नाव काढताच म्हणाली, "आईनं सांगून ठेवलं हाय, काका. वह्या समितीले द्यायच्या नाही. ज्याले पायजे त्यानं इथं येऊन वाचावं. वाचा ना तुमी, आनू का?"

मी म्हणालो, पुन्हा कधीतरी येतो.

बाहेर पडलो तर गल्लीच्या तोंडाशी एका ओट्यावर कवसामावशी. मांडीवर पुस्तक. मला ओळखलं की नाही, कळलं नाही, पण चष्मा आणि पांढरे कपडे पाहून हाक मारली. "ओ गुरुजी, येवढं पान वाचून द्या ना मले."

दुमडून दुमडून पानाचा कोपरा तुटायला आला होता. मी ओट्यावर बसलो. भिंतीच्या उंचीवर बोट ठेवलं. "देवकाबाई," मी म्हणालो. "वय तीस." मावशी मान डोलवत होत्या. "सखूबाई, वय वीस. हसरी होती." त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

पुढचं नाव माझ्या तोंडून निघेना. मावशी वाट पाहत होत्या.

"अजून एक हाय," त्या म्हणाल्या. "बाई तीन वाचे."

माझं बोट भिजणाऱ्या जमिनीच्या आकड्यावर होतं. ते तिथून हलेना.

मावशींनी माझ्या हातून पुस्तक हळूच काढून घेतलं, पदरानं पुसलं आणि छातीशी धरलं.

"राहू द्या गुरुजी," त्या म्हणाल्या, "तुमाले नाही लागत ते अक्षर. बाई आली का तिच्याकून वाचून घेईन मी."