कुशाबाईंचा डावा डोळा

पोह्यांची फोडणी तडतडत होती, तोच दार वाजलं. दारात मढच्या कुशाबाई, काखेत तांदळाची पिशवी. महिन्यातून एकदा त्या तांदूळ-नाचणी घेऊन जुन्नरला येतात, पण आमच्या आळीत पोचेपर्यंत दुपार टळलेली असते आणि त्यांचा डावा डोळा अर्धा मिटलेला. मला वाटायचं, तो जन्मापासून तसाच. आज पाहते तर दोन्ही डोळे टक्क उघडे!

त्या दवाखान्यात निघाल्या होत्या, चौथ्यांदा. तीनदा 'काही नाही, अशक्तपणा' ऐकून झालं होतं. चहा पिताना म्हणाल्या, भात लावताना तासाभरात हात जड होतात, पापणी उतरते, एकाचे दोन दिसतात. बांधावर जरा टेकलं की पुन्हा बरं. सून प्रतिभा चारचौघींत म्हणते, "आवणी आली की आमच्या आत्याबाईंचा डोळा झोपतो." दुखण्यापेक्षा हे लबाड ठरणं त्यांना जास्त लागलं होतं. आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी, पंधरा दिवसांवर आलेली.

माझं बी.एस्सी.चं प्राणिशास्त्र जागं झालं. त्यांना म्हटलं, मान न हलवता त्या वरच्या कॅलेंडरकडं बघत राहा. मिनिटभरात डावी पापणी हळूच खाली आली. डोळे मिटून पाच मिनिटं बसवलं, तर परत वर.

"डॉक्टरांकडं जाता कधी?"

"पयल्या एस्टीनं. आदल्या दिशी कामाला हातच लावत न्हाई. दवाखान्यात जायचं तर ताजंतवानं नको का दिसाया?"

तिथंच घोळ होता, डॉक्टरांना दिसायचा तो विसावलेला डोळा. मी सांगू लागले. मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो, मधे बारीक फट असते. तंतूच्या टोकाशी रसायनाच्या इवल्याशा पिशव्या. हुकूम आला की त्या उघडतात, रसायन फट ओलांडतं, स्नायू ते झेलतो आणि आखडतो. आवणीत बांधावरून रोपांच्या मुठी फेकतात आणि लावणाऱ्या बाया झेलतात, तसंच. काम लांबलं की दर फेकीला मुठी कमी होतात, तरी एरवी भागतं. पण एका आजारात शरीरच चुकून झेलणाऱ्यांचे हात बांधून टाकतं.

कुशाबाईंनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाल्या, "म्हंजी झेलणारीच कमी. पयल्यांदा ढीगभर मुठी येत्यात, तवा काम व्हतं. मंग मुठीबी कमी, आन् समदं थांबतं."

इतकं नेमकं मला परीक्षेतही लिहिता आलं नव्हतं. तोच आजार आहे असं मी सांगू शकत नाही, ते रक्त तपासून मोठे डॉक्टरच ठरवतील, हेही बजावलं. दवाखान्यात फोन करून सकाळचा नंबर बदलला, संध्याकाळी सहाचा घेतला. मी सोबत येईन, मुक्काम इथंच करा, म्हटलं.

त्यांनी कप विसळून पालथा घातला, पदर खोचला.

"वैनी, तवर काईतरी काम द्या. मला दमून जायचंय."