दोघी भिजल्या व्हत्या

दूध सुटलं. मशीनवर पांढरा ट्रिको, म्हंजे विणलेला सदरा, व्हता, त्याच्या गळ्यावरच पडलं. हातानं दाबलं, रुमाल कोंबला आत, थांबतंय कुठं! बाहेर गेटापाशी माझं पोर रडत व्हतं. तीन महिन्याचं. सकाळपासून बाटली तोंडात धरत नव्हतं, म्हणून सासू त्याला उन्हातनं घेऊन चालत आली, आणि गेटाला कुलूप. दुपारच्या सुट्टीबिगर उघडायचं नाय, असा आमच्या उझिनचा, म्हंजे कारखान्याचा, कायदा.

मी उठले. शेफनं बघितलं.

शेफ म्हंजे लाइनीचा मुकादम, माझ्या नवऱ्याचा मामा. आपलाच माणूस, मराठी; आमचे पणजे ह्या बेटावर उसाच्या कामाला आलेले. ऐंशी सालानंतर प्लेन मान्येन गावाकडं ही उझिनं आली, उसातल्या पोरी ट्रिकोचे गळे जोडायला लागल्या, तवा त्यानंच मला लावलं व्हतं. त्यानं तो ट्रिको उचलला, सगळ्या लाइनीला दाखवला.

"ही कुणाची गाय सुटलीय?"

बाया हसल्या. मी खाली बघत.

"अंगावरचं पोर हाय त्यांनी उभं राहायचं. हात वर."

दोघीच उभ्या राहिलो. मी आणि शेजारची सोलांज. सोलांज क्रेओल, म्हंजे आफ्रिकेतनं आणलेल्या गुलामांच्या वंशातली, माएबूर्ग गावची, तिचं पोर तिकडं आईपाशी. सगळ्या मशिनी बंद, आमचे हात वर, आणि मामा एकेकीच्या ब्लाऊजकडं बघतोय. निवांत बघतोय. माझा भिजलेला. सोलांजचा पण भिजलेला.

ट्रिकोवर नंबराची चिठ्ठी माझी व्हती. मामानं ती वाचली. मंग फाडली. माल कुणी नासवला म्हणून वरच्या साहेबाला कुणीतरी दाखवायला पाहिजे ना. मला मराठीत हळूच म्हणाला, "बस तू. आपली हायस." आणि क्रेओलमधे, इथल्या सगळ्यांच्या बोलीत, मोठ्यानं सोलांजला, "तू बाहेर. तुमचे लोकच घाणेरडे."

मी बसले. खोटं कशाला सांगू, बसले. नवरा दिसला डोळ्यापुढं, घर दिसलं. सासू म्हणायची, ह्या क्रेओलांच्या हातचं पाणी नको पिऊस, वेळ आली की गळा धरतील. त्यांच्या घरात आमचं असंच सांगत असतील. आमी एकमेकींना भ्यायचं, आणि मामानं आमच्या छातीकडं बघायचं.

सोलांज पिशवी भरत व्हती. बाहेर पोर परत किंचाळलं. तिच्या ब्लाऊजवरचा डाग पसरला. मी बघितला. पोर माझं रडत व्हतं आणि दूध तिचं येत व्हतं.

मला काय झालं ते सांगता येत नाय, मी चौथीपर्यंतच शिकले. उठले.

"मामा, दूध माझं हाय. चिठ्ठी माझी व्हती." मंग तेच क्रेओलमधे. सगळ्यांना कळू दे.

"खूळ लागलं काय तुला? हिच्यासाठी?"

सोलांजनं माझा हात धरला. "लेस ली, सेर." सोड गं बहिणी, म्हणाली.

"हिला काढताय तर मला पण काढा."

काढलं. दोघींना. लाइनीतल्या बाया परत मशिनीवर वाकल्या.

गेटाबाहेर पोराला घेतलं तर भीतीनं माझं दूध आटलेलं. पोर ओढतंय, रडतंय. सोलांजनं हात पुढं केले. सासूनं तोंड फिरवलं, पण पोर दिलं. ते पीत असताना सासू मला म्हणाली, "घरी बोलू नकोस."

मी बोलले. नवरा अजून धड बोलत नाय. मामा येत नाय. मी परत उसात गवत काढते, कंबर जाते. सोलांजला अजून काम नाय. कुणाचं काय भलं झालं, विचाराल तर कुणाचं नाय. भीती पण गेली नाय, कुणी मोठ्यानं ओरडलं की अजून दचकते.

पण मला आपली म्हणून बसवायचं आणि दुसरीला हाकलायचं, हे आता माझ्यापुढं कुणी करायचं नाय. मी बसणार नाय. कापत का व्हईना, उभी राहीन.

आणि तुमी? तुमी त्या लाइनीत असता, डाग तुमच्यावर नाय, नाव तुमचं नाय, समोर आमी दोघी हात वर करून उभ्या, तर तुमी काय केलं असतं?