सोपानची डावी ओळ

बेडसे गावात पैलवान शोधायला निघालात तर घरटी एक सापडेल. बॉक्सर मात्र एकच, सोपान. गाव त्याला ‘बुक्कीवाला’ म्हणतं. मागं म्हणतं असंही नाही, तोंडावरच म्हणतं आणि लगेच दोन पावलं मागं सरतं.

तो शाळेत असताना माधवराव नावाचे पीटीचे सर बदलून आले, ते पिशवीत हातमोज्यांचे दोन जोड घेऊनच. बाकीच्या पोरांना आखाडा सोडवेना. सोपानने मोजे घातले ते आजतागायत उतरवलेले नाहीत. राज्य स्पर्धेत तीनदा अंतिम फेरी गाठली आणि तिन्ही वेळा दुसरा आला. तीन चंदेरी पदकं घरात आहेत. त्यातलं एक बायकोने, हिराने, देव्हाऱ्याशेजारी टांगलंय. भक्तीनं नव्हे, तिथला खिळा रिकामा होता म्हणून.

आता तो तळेगावच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. वय कागदावर एकोणचाळीस. कागदावर अशासाठी, की शाळेत नाव घालताना मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एक जून हीच जन्मतारीख वाटून टाकली होती. आई अंबूबाई खरं वय सांगायला तोंड उघडते आणि तसंच मिटते. कारण चाळिशी उलटली की स्पर्धेत घेत नाहीत. म्हणजे अजिंक्यपदाची ही शेवटचीच संधी. फॉर्म भरून तयार होता, सही तेवढी बाकी होती. आज शेवटचा दिवस. निवृत्त होऊनही शिष्याला न सोडलेले माधवराव पाच वाजता तो न्यायला येणार होते.

आणि आजच सोपानच्या खाचरात भाताची लावणी होती.

हिरा सकाळपासून धास्तावलेली होती. खरं म्हणजे दोन महिन्यांपासून होती. उन्हाळ्यातल्या एका लढतीत सोपानला डाव्या कानशिलावर ठोसा बसला, त्यानंतरच्या गोष्टी ती मनात टिपत होती. कपात ओतलेला चहा बशीत गेला. डब्याची पिशवी खुंटीच्या बाजूला टांगली आणि खाली पडली. कार्ल्याच्या फाट्यावर रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली बस त्याला हॉर्न वाजेपर्यंत कळलीच नाही, हिराने दंड धरून मागं ओढलं. विचारलं की तो म्हणायचा, झोप झाली न्हाई. माणूस झोपायचा तर कुंभकर्णासारखा. आणखी काय विचारायचं? निवृत्त हो म्हणावं, तर जन्मभर ऐकवील की तीनदा दुसऱ्यांनी हरवलं, चौथ्यांदा मला तूच हरवलंस. न म्हणावं, तर पुढचा ठोसा कुठून येईल आणि काय घेऊन जाईल, हे देवाला ठाऊक.

लावणी सावडीची होती. आज सगळे ह्याच्या खाचरात, उद्या हा सगळ्यांच्या. दोरी ताणून दहा-बारा जण वाकले. प्रत्येकाने पायाच्या दोन्ही बाजूंनी आपापला पट्टा लावायचा आणि मागं सरायचं. सोपानचा सदरा बांधावर काठीला लटकवलेला, त्याच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फॉर्म. वाकून रोप खोचताना हिराची नजर दर दोन ओळींनी त्या सदऱ्याकडं जाई.

दुपारी भाकरी खायला सगळे बांधावर चढले, तेव्हा शेजारच्या झुंबरबाईने खाचराकडं पाहिलं. ह्या बाईच्या नजरेतून शेजारणीचा नवा ब्लाऊजही सुटत नाही, तिथं खाचर काय सुटणार. इंद्रायणी भाताच्या हिरव्या ओळी नीट गेल्या होत्या, फक्त सोपानच्या पट्ट्यात डाव्या अंगाला हातभर चिखल उघडा होता. वरून खालपर्यंत, सरळ.

“बुक्कीवाल्या, ही खेकड्यांना वाट ठेवली का रं?” झुंबरबाई म्हणाली. “का डाव्या हाताचा वशिला हाय म्हनून त्याला काम न्हाई?”

सगळे हसले. सोपानही हसला. पण त्या मोकळ्या पट्ट्याकडं बघायला त्याने मान पूर्ण डावीकडं वळवली, आणि हिराने हातातली भाकरी खाली ठेवली.

भाकरी झाल्यावर सोपान सगळ्यांच्या आधी उतरला. रोपांच्या जुड्या बांधावरून फेकायचं काम आता हिराकडं होतं. एक जुडी उचलून ती त्याच्या डाव्या बाजूला गेली. त्याला दिसतंय का, हे एकदा बघायचंच होतं. नेम चुकला तर बरं, असंही तिला वाटलं. तिने जुडी फेकली.

जुडी कानावर फटकन बसली. चिखल गालावर ओघळला. वीस-पंचवीस वर्षं ठोसे चुकवणारा माणूस तसूभर हलला नव्हता.

पुन्हा हशा पिकला. अंबूबाई मात्र हसता हसता मध्येच थांबली.

सोपानने गाल पुसला नाही. समोर बघत तो हळू म्हणाला, “आनिक टाक.”

दुसरी खांद्यावर बसली. तिसरी पुन्हा कानावर. तेव्हा कुणीच हसलं नाही.

“मला वाटलं, उतरंल आपोआप,” सोपान म्हणाला. “कडंला काळं दिसतंय. पडदा पडल्यागत.”

“कवापासनं?” हिराने विचारलं.

“तू मोजतीयास तवापासनं.”

म्हणजे ती मोजत होती, हेही त्याला ठाऊक होतं. हिराला रडू यायच्याऐवजी राग आला, पण इतक्या माणसांत रागवायचं कसं, म्हणून तिने उरलेल्या जुड्या नुसत्याच दाणदाण खाली टाकल्या.

पाच वाजता माधवरावांची स्कूटर रस्त्यावर थांबली. ते वहाणा हातात घेऊन बांधावरून सावरत आले. सोपानने हात धुतले, सदऱ्याच्या खिशातला फॉर्म काढला. सरांनी पेन पुढं केलं. हिरा त्या पेनाकडं बघत राहिली. त्याने पेन घेतलं, जिथं सही करायची तिथं टेकवलंसुद्धा. मग कागद उलटा केला आणि पेनासकट सरांकडं परत दिला.

“सर, हितं डोळ्याच्या डॉक्टरचा पत्ता लिवा. उद्याच जाऊन येतो.”

माधवरावांना सगळं सांगावं लागलं. सरावात त्याचा डावा बचाव उशिरा वर येतो हे त्यांनी पाहिलं होतं, आणि वय झालं म्हणून त्याला दोनदा टोमणाही मारला होता. “मीच बघायला हवं होतं,” एवढंच म्हणून त्यांनी पत्ता लिहिला. अक्षर वाकडं आलं. पत्ता तळेगावचा होता. डॉक्टर काय सांगतील हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

हिराने कागद घडी करून कंबरेला खोचला.

“आता ती खेकड्यांची वाट कोन भरनार?” झुंबरबाईने विचारलं, पण आवाज मऊ होता.

सोपान पुन्हा उतरला. हिरा त्याच्या डाव्या अंगाला येऊन वाकली. दोघं मागं सरत मोकळा पट्टा भरू लागले.

“हायस का?” मान न वळवता त्याने विचारलं.

“हाय.”

चार ओळी झाल्या आणि त्याने पुन्हा विचारलं.