तळ्यावरून आमचं घर

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना हसणाऱ्यांपैकी मी एक. होस्टेलवर भुताचे किस्से सुरू झाले की मी पांघरूण ओढून झोपते. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच… त्यामुळे हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस चाललं होतं.

आमचं गाव सांगोला तालुक्यात. वाटणीत ओढ्याची वरची जमीन तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना गेली, खालची आम्हाला. तात्यांनी ओढ्याला आडवा मातीचा भराव घालून स्वतःचं तळं केलं, त्यावर डाळिंबाची बाग उभी केली. आमच्याकडे बाजरी आणि शेळ्या. त्यांची पूनम माझ्याच वयाची. ती "आमचं तळं" म्हणते तेव्हा माझ्या पोटात दुखतं… अजूनही.

प्रोजेक्टला मी तेच तळं घेतलं. सरांनी सांगितलं होतं, भराव किती पक्का यावर धोक्याचा वर्ग ठरत नाही. तो फुटला तर खाली कोण सापडेल, यावर ठरतो. खाली एकच घर — आमचं. म्हणजे वर्ग वरचा. मग जादा पाणी जायचा सांडवा खोल करायचा आणि तळं कमी भरायचं. तात्या म्हणाले होते, "पोरगी लिवंल तसं करू." खरं सांगते, घराच्या काळजीपेक्षा त्यांचं पाणी कमी होणार याचाच मला जास्त आनंद होता.

दिवाळीच्या सुट्टीत भर दुपारी पूनम आणि मी भरावावर चढलो.

"काय इंजिनियरबाई, आमचं तळं पास का नापास?"

"बघू की," म्हणत मी खाली बघितलं.

लिंब होता. शेळ्यांचं शेड होतं. लिंबाला बांधलेली दोरी होती, तिच्यावर चादर वाळत होती, आणि दोरीचं दुसरं टोक… हवेत ताणलेलं. घर नव्हतं. नुसती कोरडी, सपाट जमीन.

"पूनम, आमचं घर कुटं हाय?"

"ऊन लागलं का गं तुला? त्ये काय समोर!"

मी ओरडले, "आयेऽ!"

त्या मोकळ्या जमिनीतून आईचा आवाज आला, "काय गंऽ?"

मी फोटो काढला. मोबाईलमध्ये घर होतं. दारात आई, कपाळावर हात धरून वर बघणारी. मान वर केली — पुन्हा जमीनच.

"मला न्हाय दिसत गं," मी म्हणाले. पूनमने हात धरला. "मला तर पयलं तुमचंच घर दिसतंय. सकाळी मोटर चालू कराय आले की काकीची चूल पेटली का बघती. तू तिकडं, काका कामावर, काकी एकल्याच असत्यात न्हवं?"

तिला आमचं घर रोज दिसतं, मला त्याचाही हेवा वाटला. तिचा हात धरून, डोळे मिटून उतरले. खाली आल्यावर डोळे उघडले तर घर जागच्या जागी. आई वैतागलेली, "हाका मारतीस आन गप बसतीस व्हय?"

मी वर्ग वरचाच लिहिला. तात्यांनी जेसीबी लावून सांडवा खोल केला. पाणी उतरलं. मला वाटला होता तेवढा आनंद झाला नाही.

डोळे तपासले, नंबरसुद्धा निघाला नाही. त्यानंतर दोनदा भरावावर जाऊन आले. बाकी सगळं दिसतं, आमचं घर दिसत नाही. का, ते मला सांगता येत नाही. सरांना विचारायचं धाडस झालं नाही.

हल्ली सकाळी होस्टेलवरून पूनमला फोन करते.

"पेटली का गं चूल?"

"व्हय, धूर निघतोय की."

बरं वाटतं… आणि पोटात दुखतंच.